कोलोन बारा तास आणि दहा फूट? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊया

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा-सात जणांनी पाठवला आणि दोघं तर मोबाईल हातात धरून थेट दुकानात आले. "साधा कोलोन बारा तास टिकवा, दहा फुटांवरून वास येऊ दे" असं वर लिहिलंय आणि खाली सात उपाय. कोलोन म्हणजे लिंबू-संत्र्याच्या हलक्या वासाचा, कमी तेलाचा स्प्रे. ज्यांनी मेसेज वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मनगटावर आणि मानेवर मारा, अंगाच्या गरमीनं जास्त टिकतो. आधी व्हॅसलिन लावा, टिकतो पण आणि लांब पण जातो. मनगटं एकमेकांवर चांगली घासा. दहा-बारा स्प्रे मारा. नवीन बाटली झाकण काढून दोन महिने ठेवा आणि रोज हलवा म्हणजे मुरतो. कपड्यावर मारा. आणि शेवटचं, एवढं करून दोन तासांत वास गेला तर माल डुप्लिकेट.

मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागं एका गल्लीत अकरा वर्षं अत्तर आणि स्प्रे विकतोय. त्या शेवटच्या वाक्यानं मला लई त्रास झालाय म्हणून लिहायला बसलो, पण आधी बाकीचं बघू, कारण सातवा मुद्दा कळायला पहिले सहा कळावे लागतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वास येतो म्हणजे स्प्रेमधलं अंगावर बसलेलं सुगंधी तेल उडतं, त्याची वाफ हवेतून समोरच्याच्या नाकापर्यंत जाते. म्हणजे वास लांब जाणं आणि वास टिकणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. गुऱ्हाळावर गेलाय का कधी, चुलवाणात चिपाड एकदम सारलं की जाळ मोठा होतो पण ढीग पण लगेच संपतो, तसंच हे. अंगावर ठरावीक तेल आहे, ते भसाभस उडालं तर दहा फूट जाईल आणि तासात संपेल, हळूहळू उडालं तर संध्याकाळपर्यंत राहील पण जवळ आल्याशिवाय कळणार नाही. त्या मेसेजनं प्रत्येक उपायात दोन्ही एकदम मिळतील असं सांगितलंय, आणि सगळी गडबड तिथंच आहे.

आता मनगट आणि मान. तिथं शिरा वर असतात, कातडी गरम असते हे खरं आहे. पण गरमीनं वाफ जास्त होते की कमी, सांगा बघू? ओला टॉवेल उन्हात लवकर वाळतो की सावलीत? मानेवर मारलं की वास पसरतो छान, मी पण मारतो, पण त्यानं टिकतो म्हणणं म्हणजे साफ उलटं झालं. टिकवायचं असेल तर उलट कपड्याच्या आत छातीवर किंवा कोपराच्या वरच्या बाजूला मारा, तिथं वारा लागत नाही, ऊन लागत नाही, दंड वळला की मधूनच वास येतो.

व्हॅसलिनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. व्हॅसलिननं कातडीवर थर बसतो, तेल त्यात अडकून राहतं, सावकाश उडतं. कोरड्या कातडीवर वास लवकर जातो हा माझा रोजचा अनुभव आहे, थंडीत ज्यांचे हात पांढरे पडतात ती गिऱ्हाईकं हमखास तक्रार घेऊन येतात. तर व्हॅसलिननं टिकतो, हो. पण सावकाश उडतं म्हणजेच लांब जात नाही! एकाच थरानं वास धरून पण ठेवायचा आणि दहा फूट फेकायचा पण, हे होत नसतं. त्यापेक्षा आंघोळ झाल्यावर अंग नीट पुसून बिनवासाचं साधं लोशन लावा आणि मग स्प्रे मारा. खोबरेल लावू नका, त्याला स्वतःचा वास असतो आणि लिंबू-संत्र्याच्या कोलोनबरोबर तो अजिबात जमत नाही.

घासायचं तर कशाला हेच मला कळत नाही. पण इथं दुसऱ्या बाजूची चूक पण दुरुस्त करतो, कारण त्या मेसेजला उत्तर म्हणून अनेकांनी लिहिलंय की घासल्यानं "रेणू तुटतात". रेणू काय मनगट घासून तुटत नसतात हो. घासल्यानं थोडी ऊब येते, तेल जास्त जागेवर पातळ पसरतं आणि वरचा पहिला हलका वास, जो कोलोनचा जीव असतो, तो पटकन उडून जातो. एवढंच. मारायचं आणि तसंच वाळू द्यायचं.

दहा-बारा स्प्रे. यावर जरा थांबतो. नाकाचा हिशोब सरळ नसतो, दुप्पट मारलं म्हणून दुप्पट वास येत नाही, थोडाच जास्त येतो, पण शेअर रिक्षात शेजारी बसलेल्याचं डोकं मात्र नक्की दुखतं. आणि बारा स्प्रे मारायची वेळ का येते ते बघा. आपलं नाक सारखा येणारा वास थोड्या वेळात नोंदवायचंच बंद करतं. फुलवाल्याला मोगऱ्याचा वास येत नाही, माझ्या दुकानात शिरणारा माणूस "काय घमघमाट सुटलाय" म्हणतो तेव्हा मला काहीच जाणवत नसतं. त्यामुळं तुम्हाला वाटतं वास गेला आणि बायकोला, ऑफिसमधल्या लोकांना तो चांगला येत असतो. त्यात आजकालच्या स्प्रेमध्ये जे मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचे पदार्थ, असतात त्यातले काही मस्क काही माणसांना मुळात येतच नाहीत, नाकाची ठेवणच तशी. २००४ साली रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना नोबेल मिळालं ते नाकातल्या याच वास पकडणाऱ्या रिसेप्टरच्या कामासाठी, आणि प्रत्येक माणसात हे रिसेप्टर थोडे वेगळे असतात. तर टिकलाय का हे स्वतःच्या नाकाला विचारू नका, दुसऱ्याला विचारा. पाच स्प्रेच्या वर बहुतेकांना गरजच नसते.

आणि दुसरं, हे मी मनापासून सांगतोय. आमच्या ओळखीतला एक पोरगा चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निघताना कुठूनतरी आणलेला सुटा लिंबू-बर्गमॉटचा (बर्गमॉट म्हणजे लिंबाच्या जातीचं एक फळ) कोलोन गळ्यावर भरपूर चोपडून गेला, दिवसभर डोंगरावर ऊन, दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पट्टे आणि नंतर ते तपकिरी होऊन कितीतरी दिवस तसेच. बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलात बर्गॅप्टेन नावाचा पदार्थ असतो, तो कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं. बऱ्याच कंपन्या आता हा पदार्थ काढलेलं तेल वापरतात, पण सुट्या मालाचं काय सांगणार? उन्हात निघायचं असेल तर उघड्या गळ्यावर मारूच नका, बारा तर नाहीच नाही.

बाटली उघडी ठेवायचा आणि हलवायचा उपाय तर तद्दन चूक आहे. हलवून काही होत नाही, तेल अल्कोहोलमध्ये आधीच पूर्ण विरघळलेलं असतं, ते काय लोणचं नव्हे खाली-वर करायला. मुरवणं असतं, पण ते कारखान्यात बाटली भरायच्या आधी होतं. उघडी ठेवलीत तर काय होतं? अल्कोहोल उडतं, आणि लिंबूवर्गी तेलातला लिमोनीन हवेशी मिळून खराब होतो, वास टर्पेंटाईनसारखा लागायला लागतो, आणि हा खराब झालेला लिमोनीन कातडीला अॅलर्जी पण करतो. ज्या कोलोनमध्ये लिंबू, संत्रं, बर्गमॉट हेच मुख्य, त्यालाच हा उपाय सांगतात, वाईट वाटतं. आणि स्प्रेच्या बाटलीचं तोंड तर दाबून बसवलेलं असतं, ते उचकटायला गेलात तर पंप हातात येईल. बाटली कपाटात अंधारात ठेवा. बाथरूममध्ये नको, खिडकीत नको, आणि कृपा करून गाडीच्या डिक्कीत नको, एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं उन्हात उभ्या गाडीची डिक्की काय तापते ते हात लावून बघा.

कपड्यावर मारायचा उपाय मला मान्य आहे. सुती कपड्यावर कातडीपेक्षा जास्त टिकतो, घाम नाही, गरमी कमी. पण सिल्कच्या साडीवर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर मारू नका, डाग पडतो, हातभर लांबून मारा आणि पूर्ण वाळल्याशिवाय देवापुढं दिवा लावायला किंवा गॅसजवळ जाऊ नका, त्यात बहुतेक अल्कोहोलच असतं.

आपल्या आजोबांना हे सगळं माहीत होतं बघा. अत्तराचा फाया कानात ठेवायचे. कापसात तेल धरून ठेवायचं, अल्कोहोल नाही, उघडं ऊन नाही, दिवसभर मंद दरवळ. दहा फूट जायचा नाही, पण पानसुपारीला कुणी जवळ येऊन भेटलं की कळायचं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला देग-भपक्यात, म्हणजे फुलं उकळून वाफ उतरवायच्या तांब्याच्या भांड्यांत, जुन्या रीतीनं जे अत्तर काढतात त्यात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, चंदनाचं तेल जड, ते हलक्या वासाला घट्ट धरून बसतं. टिकणं येतं ते या जड तेलाच्या आधारानं, मनगट घासून नाही.

आता सातवा, "डुप्लिकेट". कोलोन हा प्रकारच मुळात टिकायला केलेला नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली योहान मारिया फरिना या इटालियन माणसाच्या घराण्यानं पेढी काढली आणि त्या शहराचं पाणी म्हणून हे नाव पडलं. लिंबू, संत्रं, बर्गमॉट, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), रोझमेरी, सगळे हलके वास. तेल साधारण २ ते ५ टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. त्याहून कडक प्रकार म्हणजे ओ द तॉयलेत आणि ओ द पर्फ्यूम, त्यातल्या ओ द तॉयलेतमध्ये ५ ते १५ टक्के, ओ द पर्फ्यूममध्ये १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. लिमोनीन १७६ अंशाला उकळतो आणि व्हॅनिलाचा व्हॅनिलिन २८५ अंशाला, यावरून कोण आधी जाणार ते कळतं. म्हणजे खराखुरा, चांगला, महागडा कोलोन पण दीड-दोन तासांत मंद होणारच, तो अस्सल आहे म्हणूनच होणार. फ्रेश वास टिकतच नाही असं नाही, १९६६ च्या ओ सोवाज नावाच्या सेंटमध्ये हेडिओन नावाचा बनवलेला रेणू घातला तेव्हापासून फ्रेश वासाला पण बऱ्यापैकी आधार मिळायला लागला, आज अँब्रॉक्सानसारखे जड रेणू वापरून दिवसभर चालणारे फ्रेश स्प्रे मिळतात, पण त्यांच्या बाटलीवर बहुतेक वेळा कोलोन लिहिलेलं नसतं. आणि अमेरिकेत पुरुषांच्या कुठल्याही सेंटला कोलोन म्हणतात, त्यामुळं तिकडचं "माझा कोलोन बारा तास चालतो" वाचून इकडच्या लिंबाच्या कोलोनकडून तीच अपेक्षा धरली जाते. मागच्या महिन्यात एका मुलानं याच मेसेजवरून माझ्याशी भांडून बाटली परत केली, सीलबंद कंपनीचा माल होता, पहिल्या पगारातून घेतलेला. मला पैशाचं काही नाही, पण त्याला त्या वासाचा जो आनंद झाला होता तो दोन दिवसांत गेला ना, ते लागलं.

तुम्हाला खरंच कोलोनच आवडत असेल तर माझं ऐका. आधी आतल्या कपड्यापाशी छातीवर चंदनाच्या किंवा खसच्या अत्तराचा एक बारीक ठिपका, वरून कोलोन तीन-चार स्प्रे, आणि खिशात १० मिलीची छोटी स्प्रेची बाटली भरून ठेवा, दुपारी जेवण झालं की दोन फवारे. पुन्हा पुन्हा लावणं हीच कोलोनची मूळ रीत आहे, त्यात कमीपणा काही नाही. आणि नवीन घ्यायचं असेल तर दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. या, एका हातावर एक, दुसऱ्या हातावर दुसरा लावून देतो, रंकाळ्याला एक चक्कर मारून या, दोन तासांनी बरोबरच्या माणसाला हुंगायला लावा, त्यानं सांगितलं की मगच पैसे द्या.