दादा, तो कुर्ता एकदा उलटा करून बघा

दादा, साध्या कपड्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा वाटलं की अर्धं तर बरोबरच बोलताय. "साधे कपडे म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, आमच्या पोरी 350 च्या कुर्त्यात खूश आहेत, त्यांना चमचम आवडते त्यात तुमचं काय जातं?" असं लिहिलंय तुम्ही. माझं काहीच जात नाही. आणि त्या लेखात मी "टिकल्या-टुकल्या" असं नाक मुरडून लिहिलं ते नको होतं, मागे घेते.

पैशाचंही मान्य. गेल्या महिन्यात शिवलेल्या कुर्त्याचा हिशोबच देते, अडीच मीटर कॉटन 220 ने म्हणजे 550, वर शिलाई 400, झाले 950. तुमच्या पोरींचे दोन कुर्ते येऊन वर भेळेचे पैसे उरतात. शिवाय कापड आधी भिजवा, वाळवा, टेलरकडे दोन चकरा मारा, तो मंगळवारी या म्हणणार आणि मंगळवारी नेमकी लाइट गेलेली. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे सगळं कुठून जमायचं? स्वातंत्र्य चळवळीत खादीसुद्धा मिलच्या कापडापेक्षा महागच पडायची, त्यामुळे साधं म्हणजे स्वस्त असं मी तरी म्हणणार नाही.

पण मी नटण्याच्या विरोधात आहे हे कुठून काढलंत? पैठणीइतकं नटलेलं दुसरं काय असतं सांगा! पण हातमागाची खरी पैठणी उलटी केलीत तरी काठाची नक्षी तशीच दिसते, कारण ती विणतानाच कापडात गेलेली असते. कच्छी भरतकामातला आरसासुद्धा चहूबाजूंनी दोऱ्याने धरलेला असतो. माझं भांडण गोंदाने चिकटवलेल्या खड्यांशी आहे, जे दुसऱ्या धुण्यात बादलीच्या तळाशी सापडतात.

आमच्या भाचीने मावसबहिणीच्या लग्नाला रेडिमेड घागरा-ब्लाउज घेतला, दिसायला एकदम झकास, मीच म्हटलं होतं छान आहे म्हणून. पंगतीत वाढायला वाकली आणि ब्लाउज काखेत टर्रकन गेला, मग दोन तास अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून बसली बिचारी. दुसऱ्या दिवशी आमच्या टेलरकाकांकडे नेला तर त्यांनी तो उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, यात माया कुठेय?" माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, ज्या घरात शिलाई मशीन आहे तिथे हा शब्द सांगावा लागत नाही. या ब्लाउजला जेमतेम पाव इंच, तेही ओव्हरलॉक, म्हणजे कड कापून तिच्यावर दोऱ्याची गुंफण, मारून संपवलेलं, त्यामुळे उसवून सैल करायचा म्हटलं तरी करणार कशातून? काका बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच सोडतातच. आईचे ब्लाउज तिच्या अंगाबरोबर दोन-तीनदा सैल झाले आणि मी घालायला लागले तेव्हा त्याच शिवणीतून परत आवळले गेले, त्यातला एक मोरपंखी अजून घालते मी.

अजून एक गंमत, बटणं. रेडिमेडमध्ये बरेचदा मशीनने एकाच दोऱ्याची साखळीसारखी टीप घालून बटण लावतात, मागे लोंबणारं टोक ओढलं की सरसर सुटून बटण हातात. आणि कापड वाचवायला तिरकं बेतलेलं असेल तर धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर येते, मग इस्त्री कितीही मारा.

म्हणून पोरींचा तो कुर्ता फेकू नका असंच म्हणेन मी. बटणं सुईदोऱ्याने परत लावा, काखेत मशीनची अजून एक टीप मारून घ्या, गल्लीतली कुठलीही शिवणकामवाली दहा-वीस रुपयांत देईल मारून. टिकल्या राहू देत, आवडतात ना.

आणि पुढच्या वेळी दुकानात कुर्ता घेताना तो तिथेच उलटा करून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. 350 च्या कुर्त्यात इंचभर माया निघाली तर मला दुकानाचा पत्ता कळवा, मी दिवाळीचे चारही कुर्ते तिथूनच घेते.