खुलासा : स्टेरॉइडने उतार पडला म्हणजे कर्करोग नाही, असे नव्हे

‘स्टेरॉइडने बरे वाटले तर आजार प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचाच, बायोप्सी (तपासणीसाठी शरीरातील छोटा तुकडा काढणे) नको’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आणि घातक आहे. मेंदूतील लिम्फोमा हा दुर्मीळ कर्करोग एमआरआयवर कधीकधी मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणाऱ्या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासारखा दिसतो, आणि स्टेरॉइडने त्याच्या पेशीही मरत असल्याने काही दिवसांत डाग पुसट होतो, लुळा पडलेला हात पुन्हा पेला उचलू लागतो, घरच्यांना हायसे वाटते. पण आजार बहुधा काही महिन्यांतच उलटतो. शिवाय स्टेरॉइडनंतर काढलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी सापडतीलच असे नाही, म्हणून लिम्फोमाची शंका असल्यास, प्रकृती साथ देत असेल तर, बायोप्सी आधी करतात. मात्र चालू असलेले स्टेरॉइड कोणीही स्वतःहून एकाएकी थांबवू नये. त्याने जिवावर बेतू शकते.