‘गाडी आलीच नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की मध्यरात्री आईंना घेऊन विमानतळावर उतरलात तेव्हा गाडी नव्हती, ऑफिसला फोन केला तर ‘तुमची गाडी काल येऊन गेली’ असं ऐकावं लागलं आणि दुसऱ्या गाडीचे पैसे पुन्हा भरावे लागले. ‘मुळात गाडी पाठवलीच नव्हती, थापा मारतात’ असंही तुम्ही म्हटलंय. हे एक वाक्य सोडलं तर वरचं सगळं खरं आहे.

गाडी आली होती, पण २४ तास आधी. बुकिंगमध्ये तारीख १३ आणि वेळ रात्री १२:२० भरलेली होती. तुमचं विमान मात्र १३ च्या संध्याकाळी निघून १४ तारीख लागल्यावर उतरणार होतं. तिकिटावर उतरण्याच्या वेळेशेजारी बारीक ‘+१’ असतं ना, ते हेच सांगायला. बोलताना आपण सगळेच ‘१३ ला रात्री सव्वाबारा’ म्हणतो. आपली तारीख झोपून उठल्यावर बदलते, विमानाची बाराच्या ठोक्याला. त्यामुळे आमचा ड्रायव्हर १२ आणि १३ च्या मधल्या रात्री तुमच्या नावाची पाटी धरून उभा होता. पार्किंगच्या पावतीवर आत शिरल्याची वेळ १२:०५ आहे, बाहेर पडल्याची १:५०. पावतीचा फोटो तुम्हाला मेसेजवर पाठवलाय.

तुम्ही विचाराल, फ्लाइट नंबर घेतला होतात, मग कळलं कसं नाही? मलाही आधी हाच प्रश्न पडला. ते विमान रोज त्याच नंबराने, त्याच वेळेला येतं. त्या रात्रीही स्क्रीनवर ते वेळेवर उतरलेलं दिसलं. सगळं जुळत होतं, फक्त प्रवासी नव्हते.

आणि आमचं चुकलं ते इथे. पैसे आगाऊ भरलेले, चार माणसांचं बुकिंग, वेळ मध्यरात्रीनंतरची, विमान उतरलेलं, तरी कुणी बाहेर येत नाही. या धंद्यातल्या माणसाचा पहिला संशय तारखेवरच जायला हवा. ड्युटीवरच्या मुलाने तीनदा फोन लावला, तो बंद होता (तुम्ही घरी झोपला असणार), मग त्याने ‘प्रवासी आले नाहीत’ असा शेरा मारून बुकिंग बंद केलं. सकाळी एक मेसेज टाकला असता तरी तुमच्या हातात अख्खा दिवस होता. तो कुणीच टाकला नाही. दुसऱ्या रात्रीच्या तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. तिकडे तुमच्या आई बाकावर बसलेल्या आणि इकडून आमचा माणूस चूक कुणाची ते समजावत होता. आधी गाडी काढायची, हिशेब नंतर, एवढं त्याला सुचायला हवं होतं. याबद्दल आईंची आणि तुम्हा सगळ्यांची मनापासून माफी मागतो.

ती दुसरी गाडीही लहान होती. सेडानमध्ये चार माणसं बसतात, पण चार मोठ्या बॅगा डिकीत जात नाहीत. जवळ जी मोकळी होती ती पाठवली आणि एक बॅग तुम्हाला वाटभर मांडीवर घ्यावी लागली. मोठ्या गाडीचं बुकिंग असताना हे व्हायला नको होतं.

‘शेजारच्या शहरासाठी एवढा दर म्हणजे लूट’ हे मात्र पटलं नाही. तुम्हाला सोडून ड्रायव्हर बहुतेक वेळा रिकामाच परततो, आणि त्या फेरीचं इंधन, टोल, वेळ काही वाचत नाही. दर बुकिंगच्या वेळीच टोलसकट दाखवतो आणि विमानाला उशीर झाला म्हणून वाढवत नाही. गाडी अगदी दारात उभी नसते, कारण तिथे थांबूच देत नाहीत. ड्रायव्हर पार्किंगमधून आत येऊन तुम्हाला घेऊन जातो.

पहिल्या रात्रीचे पूर्ण पैसे काल परत पाठवले. तारीख तुमच्याकडून चुकली होती, पण ती आमच्या लक्षात यायला हवी होती, म्हणून भुर्दंड आमचा. दोन्ही ड्रायव्हरना त्यांच्या फेरीचे पैसे दिले आहेत, त्यांचा यात काही दोष नव्हता. आता रात्री १२ ते पहाटे ४ मधली वेळ टाकली की फॉर्म ‘१३ आणि १४ च्या मधली रात्र का?’ असं सरळ विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

तुमचं परतीचं बुकिंग अजून तसंच आहे, २१ तारखेला सकाळी ११ वाजता, मोठी गाडी. रद्द करायचं असेल तर कळवा, एक पैसाही कापणार नाही. नसेल करायचं, तर आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करतो.