कुत्र्याच्या पोटात काय गेलं ते कुणालाही सांगू नका

आमच्या ढब्बूच्या पोटावर सध्या अकरा टाके आहेत, गळ्यात तो प्लास्टिकचा कोन आहे आणि त्या कोनासकट तो दर दहा मिनिटांनी दाराच्या चौकटीवर आपटतोय. ऑपरेशनला आज चौथा दिवस. आतड्याचे आतले टाके सुटायची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, त्यामुळे तो नुसता जोरात श्वास सोडला तरी मी उठून बसते. रात्री तीन वाजता कुत्र्याचं पोट हाताने चाचपणारी बाई म्हणजे मी.

तर अशा जागरणात लक्षात आलं की कुत्रं असलेल्या घरात कसं वागावं हे लोकांना जन्मतःच येतं, फक्त कुणी लिहून काढलेलं नाही. म्हणून घ्या, नव्याने कुत्रा आणलेल्यांना आणि खास करून त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना उपयोगी पडेल.

सुरुवात मोज्यांपासून करा. मोजे काढले की जिथे काढले तिथेच पडू द्यायचे, आणि शक्यतो दिवसभर घालून घामेजलेले, कारण धुतलेल्या मोज्यात कुत्र्याला काय रस? त्याला तुमचा वास हवा असतो. चड्ड्यांचंही तेच. कपड्यांच्या टोपलीला झाकण लावून त्या मुक्या जिवाचा हिरमोड करू नका. मोजा पोटात गेला की लगेच काही होईलच असंही नाही, कधीकधी तो आठवडेच्या आठवडे पोटात नुसता पडून राहतो आणि मग एक दिवस पुढे आतड्यात सरकून बूच बसवतो. तोवर तुम्ही वॉशिंग मशीनला शिव्या घालत बसा, एक मोजा कुठे गेला म्हणून.

त्याच्या तोंडात काही दिसलं तर किंचाळा. नुसतं किंचाळून थांबू नका, सगळ्या घराला घेऊन मागे धावा, एकाने बेडरूमकडून या, एकाने सोफ्यावरून उडी मारा. कुत्र्याला त्यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे तोंडात जे आहे ते फार भारी आहे आणि दुसरी म्हणजे आता ते जाणार. मग तो ते सगळ्यात सुरक्षित जागी ठेवून देतो. घशाखाली. पिल्लू असताना रोज पाच मिनिटं काढून, हातात त्याहून चांगला खाऊ धरून तोंडातलं ‘सोड’ शिकवता येतं म्हणे, पण पाच मिनिटं कुणाकडे आहेत.

रिमोट सोफ्यावरच ठेवा. आतली ती बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेत अडकली की ओल्या जागी तिचा करंट सुरू होतो, अल्कली तयार होते आणि दोनेक तासांत मांस भाजायला लागतं, पण रिमोट कपाटात ठेवायचा म्हणजे उठावं लागतं.

लोहचुंबकाची खेळणी दोन ठेवा. एकच गिळलं तर कदाचित निघूनही जाईल, दोन असली की आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधे सापडलेल्या भिंतीला भोक पाडतात.

मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढा. हा माझा सगळ्यात आवडता सल्ला आहे कारण हात शिवशिवतातच. दोऱ्याचं दुसरं टोक आत कुठे अडकलंय, जिभेखाली की जठराच्या तोंडाशी, हे तुम्हाला दिसत नसतं. आतडं बिचारं ते पुढे ढकलायच्या नादात त्या दोऱ्यावर नेफ्यासारखं चुण्या पडून गोळा होतं आणि तुम्ही बाहेरून नाडी ओढताय! ताणलेला दोरा आतून करवतीसारखा कापत जातो. ओढा ओढा. डॉक्टर लोक म्हणतात लोंबतंय ते तसंच राहू द्या आणि उचलून आमच्याकडे आणा, पण त्यांना काय कळतंय.

डॉक्टरकडे जायच्या आधी ग्रुपवर विचारा. तिथे दोन मिनिटांत कुणीतरी मिठाचं पाणी पाजायला सांगेलच. मिठाने उलटी होते की नाही ते सोडा, रक्तातलं सोडियम मात्र एवढं चढू शकतं की कुत्र्याला फिट्स येतात, म्हणजे आता तुमच्याकडे एका आजाराच्या जागी दोन झाले. डॉक्टर उलटीसाठी ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन देतात, तेही काय गिळलंय ते बघून, कारण टोकदार वस्तू, बॅटरी, ॲसिड, रॉकेल हे परत वर आणणं म्हणजे जाताना फाडलं-भाजलं ते येताना पुन्हा. पण ग्रुपवरचे तज्ज्ञ अशा फाटे फोडणाऱ्या चौकशा करत नाहीत हे त्यांचं चांगलं असतं. आणि पोट दुखतंय असं वाटलं तर तुमच्याच डब्यातली आयब्युप्रोफेन द्या, म्हणजे जठरात अल्सर आणि किडनी दोन्ही मार्गी लागतील.

चॉकलेट देऊ नये हे आता सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून मनुका द्या, त्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते हे अजून कुठे सगळ्यांना पाठ आहे.

तुमचं लॅब्राडॉर असेल तर प्रश्नच मिटला. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅबमधल्या साधारण चारातल्या एकाच्या पीओएमसी नावाच्या जीनमधला तुकडाच गायब असतो आणि अशी कुत्री जास्त हावरी असतात. म्हणजे दोष जीनचा. कचऱ्याचा डबा खुशाल उघडा ठेवा.

आणि आता पाहुण्यांसाठी.

पाहुणे म्हणून गेलात आणि कुत्रा पायाशी बसून तोंडाकडे बघत असला तर त्याला तुमच्या हातातलं काहीतरी द्याच. घरच्यांनी ‘काही देऊ नका हं’ असं दोनदा सांगितलं असेल तर ते आत गेल्यावर द्या. मागच्या रविवारी आमच्याकडे आलेल्या एका काकांनी हेच केलं. मक्याचं कणीस खाल्लं, दाणे संपवले, आणि उरलेलं आख्खं दांडकं टेबलाखालून ढब्बूला दिलं. ढब्बूने ते चावून दोन-तीन तुकडे केले असतील, बाकीचं गिळलं. मला काहीच माहीत नाही, मी आत चहा करत होते.

सोमवारी रात्री एकदा उलटी झाली. होते कधीतरी, गवत खाल्लं असेल म्हणून मी पुसून टाकलं. मंगळवारी सकाळी प्यायलेलं पाणीसुद्धा बाहेर. जेवणाच्या भांड्याकडे त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं, ढब्बूने! जो रिकामं भांडं घरभर वाजवत फिरतो तो. मग तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहिला आणि मला मूर्खाला वाटलं आळस देतोय, खेळायला बोलावतोय, म्हणून मी त्याचा फोटो काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. पोट दुखत असलं की कुत्री तशी उभी राहतात हे मला डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, काय खाल्लं? मी छातीठोकपणे म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं, नक्की? मग मी तिथूनच घरी फोन केले, सगळे म्हणाले नाही बाई. काकांनाही केला. काका म्हणाले, "छे छे, मी कशाला काही देऊ!"

मग एक्सरे. हाड, धातू, दगड हे एक्सरेत पांढरे स्वच्छ दिसतात. कापड, प्लास्टिक, कणीस यांचं तसं नाही, त्यामुळे दिसली ती नुसती वायूने फुगलेली आतडी आणि ‘अडकल्यासारखं वाटतंय पण खात्री नाही’ हे वाक्य. मग सलाइन. मग रात्र. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग ऑपरेशन. ते संपल्यावर डॉक्टरांनी मला स्टीलच्या ट्रेमध्ये तो तुकडा आणून दाखवला, माझ्या अंगठ्याएवढा, काळपट पडलेला, आणि एका बाजूला दाण्यांच्या रिकाम्या खाचा अगदी ओळीत. त्या खाचा बघितल्या आणि मला रविवारचं टेबल दिसलं.

पुन्हा फोन लावला. काका म्हणाले, "हां, ते होय? अगं एवढंसं तर होतं. तू उगाच चिडशील म्हणून बोललो नाही. आणि जनावर आहे ते, पचवतं सगळं. आमच्या लहानपणी कुत्री काहीही खायची, काही नाही व्हायचं."

काही नाही व्हायचं. तुमच्या लहानपणीची ती कुत्री चार दिवस दिसायची नाहीत आणि तुम्ही म्हणायचात, गेलं असेल कुठेतरी. कुठे गेलं होतं ते बघायला कुणी गेलं होतं का? कुठल्यातरी भिंतीआड जाऊन पोट धरून मेलं असेल ते, आणि तुमच्या हिशोबात ते ‘पचवलं’ मध्ये जमा!

आणि मला राग कणसाचा नाहीये हो. कणीस चुकून जातं. माझ्या स्वतःच्या हातून पूर्वी एकदा बाटलीचं झाकण गेलंय त्याच्या तोंडात, तो कुत्रा आहे, जग तोंडाने चाखणार. राग त्या ‘छे छे’ चा आहे. रविवारी संध्याकाळी तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, की अगं माझ्याकडून हे गेलं, तर ते तेव्हा जठरात होतं, दुर्बिणीने तोंडातूनच काढता येण्याची शक्यता तरी होती. मंगळवारी फोनवर खरं बोलला असतात तरी निदान एक अख्खी रात्र वाचली असती, आतड्याचा तो भाग एवढा सुजला नसता. मी काय केलं असतं तुम्हाला? चिडले असते. बस्स. माझ्या चिडण्याला घाबरलात आणि कुत्र्याचं पोट फाडायला लावलंत.

हे सगळ्यांना सांगतेय, काकांना एकट्याला नाही. मुलांच्या हातून पडलेलं खेळण्यांचं चाक लपवणाऱ्या आयांना, कामावर जायची घाई म्हणून सांडलेली गोळी सोफ्याखाली ढकलणाऱ्यांना, सगळ्यांना. काय गेलं, किती गेलं, कधी गेलं, एवढंच विचारतात डॉक्टर, आणि त्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. उंदराच्या औषधाचं बघा, रक्त गोठू न देणारं जे असतं ते खाल्लेला कुत्रा तीन-चार दिवस अगदी मजेत उड्या मारतो आणि मग आतल्या आत रक्त जायला लागतं. पहिल्याच दिवशी कुणी पाकीट घेऊन पळालं तर व्हिटॅमिन के-वन आहे, त्याने वाचतात. पण पाकीट कचऱ्यात खाली दाबून वरून वर्तमानपत्र टाकलेलं असतं, कारण कुणीतरी ओरडेल ना! ओरडू दे की. कुणाच्या ओरडण्याने आजवर कुणाचं आतडं फाटलेलं नाही. फाटकं पाकीट, उरलेला तुकडा, हाती लागेल ते पिशवीत घाला आणि निघा, आणि वाटेत खरं काय ते बोलून टाका.

काल काका ढब्बूला बघायला आले. वाईट वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं, सोफ्याच्या अगदी कडेला बसले. ढब्बूला मात्र राग-बिग काही नाही, कोन आपटत गेला सरळ त्यांच्याकडे, शेपटीने टीपॉयवरचा पेपर उडवला आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाशी कोन टेकवून हुंगत उभा राहिला. हलेचना. मी विचारलं, काका, खिशात काय आहे?

"कुठे काय, काही नाही गं," काका म्हणाले.

मी खिसा उलटा करायला लावला. अर्धं बिस्कीट होतं.