‘गेम शिकायला विद्यापीठ कशाला?’ या मेसेजला उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की आम्हा बडोदेकर मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. त्यात माझी मावसबहीणही होती, आणि तिच्या मुलाला नेमका गेम डिझाइन हाच विषय घ्यायचाय. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: यूट्यूबवर फुकट येतं त्यासाठी लाखो रुपये फी कशाला? ‘सीरियस गेम’, म्हणजे निव्वळ करमणुकीपलीकडच्या कामासाठी केलेला गेम, ही तर प्रश्नमंजूषेला केलेली रंगरंगोटी. विद्यापीठात शिकवायचा हा विषयच नव्हे. नोकऱ्या नाहीत, असतील त्या एआय खाणार. आणि गेम म्हणजे शेवटी व्यसन नाहीतर जुगार.

मी इथल्याच एका महाविद्यालयात गेम डिझाइन शिकवते. माझं पोट या विषयावर चालतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

यूट्यूबवर सॉफ्टवेअर शिकता येतं, हे अगदी खरं. माझे विद्यार्थीही युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर तिथूनच शिकतात, मी त्यावर तास घालवत नाही. पण आपण केलेला गेम दुसरा माणूस खेळतोय, तो चुकतोय, कंटाळतोय, आणि आपण तोंडातून अवाक्षर न काढता ते वहीत टिपून घेतोय, हे व्हिडिओ बघून येत नाही. एक प्रसंग सांगते.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांनी बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरावर पटावरचा गेम केला. दर डावाला एक पत्ता उघडायचा. त्यावर काळा घोडा पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते लिहिलेलं. धोक्याची पातळी 26 फूट. पत्ता बघून ठरवायचं: घरात थांबायचं, सामान वरच्या मजल्यावर चढवायचं, की घर सोडायचं. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा समा भागातल्या एक आजी दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. मुलांनी गेम आधी त्यांच्याच घरी नेला. जेवणाच्या टेबलावर पट मांडला, मी मागे खुर्ची घेऊन बसले.

आजींनी दुसऱ्याच पत्त्याला घर सोडलं आणि त्या जिंकल्या. पुढच्या खेपेला सगळ्यांनीच दुसऱ्या पत्त्याला घर सोडलं. पाच मिनिटांत खेळ खलास. मुलांचे चेहरे पडले. आजी पत्ते नीट लावत म्हणाल्या, “अरे बाळांनो, एवढं सोपं असतं तर आम्ही नसतो का निघालो? दर पावसाळ्यात पाणी येणार, पाणी येणार म्हणतात. एकदा सगळं आवरून लेकीकडे गेलो, तर पाणी अंगणातसुद्धा आलं नाही. पुढच्या वेळी कोण हलतंय?”

चूक तिथे सापडली. मुलांच्या नियमांत खोटा इशारा नव्हता आणि घर सोडण्याची किंमतही नव्हती. त्यामुळे तो गेम नकळत सांगत होता की, जे घरात थांबले ते मूर्ख. पूर सोसलेल्या माणसांना आम्ही हे शिकवणार होतो! मग 24 फुटांपर्यंत चढून ओसरणारं पाणी पत्त्यांत आलं, घर सोडलं तर बुडणारा रोजगार आला. चौथ्या आवृत्तीत खेळणारे एकमेकांशी खरोखर भांडायला लागले. एवढ्यासाठी अकरा आठवडे गेले. चित्रं पहिल्या पंधरवड्यातच तयार होती, बाकी सगळा वेळ नियमांना लागला.

रंगरंगोटीच्या आरोपाचं उत्तरही यातच आहे. बाजारात तसे गेम ढिगानं आहेत, हे मी मान्य करते. बरोबर उत्तर दिलं की फुगा फुटतो, असले. त्यातला फुगा काढला तरी धडा तसाच राहतो, म्हणजे गेमचं तिथे कामच नव्हतं. चांगल्या सीरियस गेममध्ये धडा नियमांतच मुरलेला असतो. परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा आपला मोक्षपट आठवा: दुर्गुणाच्या सापानं खाली, सद्गुणाच्या शिडीनं वर. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी 1904 मध्ये जमीनदारीवरच्या गेमचं पेटंट घेतलं. जमिनीच्या भाड्यानं काही जण गबर होतात आणि बाकीचे कंगाल, हे भाषणाऐवजी पटावर कळावं म्हणून. मोनोपॉलीचं मूळ ते.

याचा परिणाम मोजलेलाही आहे. कॅन्सर झालेल्या तरुणांसाठी ‘री-मिशन’ नावाचा गेम केला गेला. 34 रुग्णालयांतल्या 375 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. गेम खेळणाऱ्यांनी औषधं जास्त नेमानं घेतली. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जीवरसायन आणि संगणकाच्या लोकांनी मिळून ‘फोल्डइट’ काढला. त्यात खेळाडू पडद्यावर प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या घालतात. माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतलं एक एन्झाइम शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं उलगडत नव्हतं. त्याची रचना 2011 मध्ये खेळाडूंनी काही आठवड्यांत शोधून दिली. डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि गेम करणारे एका टेबलाशी आले म्हणून हे झालं. विद्यापीठात ती माणसं एकाच आवारात असतात. घरी बसून कोणाचं दार ठोठावणार?

हा विद्यापीठाचा विषय नव्हे, हे निदान बडोद्यात तरी कोणी म्हणू नये. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, तिथे रंगकाम आणि सुतारकाम रीतसर शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे.

जुगाराचं म्हणाल तर, ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक गेम त्यापासून वेगळे काढले. संसदेला कळलेला फरक मेसेज लिहिणाऱ्यालाही कळायला हरकत नव्हती. व्यसन मात्र खरं आहे. माणसाला खिळवून ठेवायचे डाव कसे रचतात, हे आम्ही वर्गात सुटं करून दाखवतो, ते ओळखता यावेत म्हणून.

एआय चित्रं काढेल, कोडही लिहील. आजींच्या घरी जाऊन त्यांचं ऐकून कोण घेणार?

नोकरीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात तथ्य आहे. निव्वळ सीरियस गेम करणाऱ्या जागा थोड्या आहेत. आमची मुलं प्रशिक्षणाचे सिम्युलेटर, आरोग्याची अॅप्स, शालेय साहित्य अशा कामांत शिरतात, आणि मुलाखतीत प्रमाणपत्राआधी केलेलं काम बघितलं जातं. म्हणून मावसबहिणीला मी लिहिलं ते असं: “ताई, मोठं कर्ज काढण्याआधी कॉलेजात जा आणि तीन गोष्टी विचार. शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते गेम पुरे केलेत? मुलांचे गेम बाहेरची माणसं वर्षातून किती वेळा खेळून बघतात? आणि फसलेला एखादा गेम दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज बघ. आणि रविवारी मुलाला इकडे पाठव. पुराच्या गेमची पाचवी आवृत्ती तयार आहे, एक खेळाडू कमी पडतोय.”