डायवर नवा शे

परवा सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. हिरवी मॉरिस मायनर, तिच्या दाराला कोपर टेकवून उभे असलेले पांढऱ्या टोपीतले एक आबा, आणि खाली मजकूर : 'नवीन गाडी घेतल्याबद्दल आबांचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली गुलाबाची फुलं, जोडलेले हात, फटाके.

गाडी माझी आहे. आबांना मी ओळखत नाही. फोटोच्या डाव्या कडेला डिकीवर टेकलेला एक ग्रीस लागलेला हात दिसतो, तेवढा माझा. आमच्या हिनंही त्या फोटोला अंगठा दिलाय. विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांनी दिला, म्हणून दिला."

गाडीची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती कोणी पूर्ण ऐकून घेतलेली नाही. १९४९ सालची, दोन दारांची. चाळीसगावकडच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे होती. इंजिन एका कोपऱ्यात, सीट दुसऱ्या कोपऱ्यात, सीटमध्ये मांजर. मी निवृत्त झालो, ग्रॅच्युइटी आली, घरात जे बोलायचं ते बोलून झालं आणि गाडी टेम्पोत बसून धुळ्याला आली.

अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या माणसानं ही गाडी घडवली. पुढं १९५९ साली आलेली मिनीही त्याचीच. मायनर तयार होत आली तेव्हा त्याला ती अरुंद वाटायला लागली. त्यानं नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही भाग सरकवत सरकवत मध्ये चार इंच जागा सोडली आणि मग त्याचं समाधान झालं. म्हणून हिच्या बॉनेटच्या मधोमध एक उंच पट्टी आहे. बंपर आधीच बनून पडले होते, तेही कापले आणि मध्ये तुकडा जोडला. माझ्या गाडीच्या बंपरला तो तुकडा अजून आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो हौसेनं दाखवतो. येणारा वाकून बघतो आणि विचारतो, "कुठं ठोकली होती?"

कंपनीचा मालक लॉर्ड नफिल्ड. त्यालाही ती पहिल्यांदा बघून पाण्यात फोडून शिजवलेलं 'पोच्ड' अंडं आठवलं होतं म्हणतात. पुढं हीच गाडी दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली आणि त्या आनंदात कंपनीनं १९६१ साली फिकट जांभळ्या रंगाची खास आवृत्ती काढली. हे मी पेंटरला सांगायला नको होतं असं आमची ही म्हणते. मला तसं वाटत नाही. माणसानं माहिती दिली म्हणून समोरच्यानं लगेच जांभळ्या रंगाचा डबा उघडायचा असतो का?

तर मिस्त्री. मिस्त्री चांगला आहे, हात साफ आहे, पण त्याचा जगातल्या सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय आहे : "सर, मारुतीचं इंजिन टाकून देऊ, विषय संपला." गाडीचे नट व्हिटवर्थच्या मापाचे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली स्क्रू-बोल्टच्या आट्यांची मापं ठरवून दिली. त्याच्या पान्यावर पाव इंच लिहिलेलं असतं आणि पान्याचं तोंड मात्र अर्ध्या इंचाहून मोठं, कारण तो आकडा बोल्टच्या दांडीचा, नटाचा नव्हे. आपला तेराचा पाना त्या नटाला बसत नाही आणि चौदाचा घसरतो. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं असल्यामुळं मी हे त्याला गॅरेजच्या भिंतीवर खडूनं आकृती काढून समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातोडी मागवली.

बॅटरीचंही तेच. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायचं असतं, आपल्याकडच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. बॅटरीवाल्या पोरानं माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मलाच क्षणभर शंका आली. "सर, तुम्ही बसा सावलीत, मी करतो," म्हणाला. मी बसलो नाही म्हणून वायरिंग वाचलं.

शिवाय हिला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमधून उतरताना गार होतं, पुन्हा इंजिनात जातं. थर्मोसायफन. ऑक्सफर्डजवळच्या कौलीच्या कारखान्यात ही बनली, तिथल्या हवेत ते ठीक आहे. धुळ्यात मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला पाण्यानं गार व्हायचं तरी कशाच्या जोरावर?

पण त्या दिवशी गाडी तापून बंद पडली नाही. ती बंद पडली पेट्रोलच्या पंपामुळं. बॅटरीवर चालणारा एसयू कंपनीचा छोटा पंप असतो. चावी फिरवली की टकटक करायला लागतो, आणि टकटक ऐकू आली म्हणजे पेट्रोल चढतंय. आतले पॉइंट चिकटले की टकटक थांबते, गाडीही थांबते. उपाय सोपा. बॉनेट उघडायचं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंपाला एक टोला द्यायचा. इंग्लंडातले लोकही हेच करत आले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, त्याला या जुन्या गाड्यांची रबरं टिकत नाहीत, ते दुखणं वेगळं. त्याच्यावर बोलायला लागलो तर आबा राहून जातील.

देवपुरातून पेट्रोल भरायला निघालो होतो. पांझरेचा पूल संपतो, उतार लागतो, आणि टकटक बंद. मागे रिक्षा, तिच्यामागे केळीचा ट्रक, दोघांचे हॉर्न. मी उतरलो, दार उघडं ठेवलं, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला. दहा पावलांवर लिंबाखाली जागा होती. तिथं घ्यायची, टोला द्यायचा, निघायचं.

रसवंतीच्या सावलीतून आबा उठले. पांढरा नेहरू शर्ट, पायजमा, कडक टोपी, हातात लग्नाची पत्रिका.

"काय व्हयनं भो?"

"काही नाही आबा. पंप अडकलाय."

"पेट्रोल शे का?"

"आहे."

"हाई अँबेसिडर शे ना?"

"मॉरिस मायनर."

"अँबेसिडरच शे," आबा म्हणाले. पुढचे दोन प्रश्न मला पाठ होते. "कितलाले लिधी?" मी आकडा सांगितला. कोणाला खरा सांगत नाही, पण खांदा गाडीला असला की माणूस खोटं बोलू शकत नाही. आबांनी डोळे मिटून हिशेब केला. "इतला पैसास्मा नवी अल्टो ई जाती. बरं, अ‍ॅव्हरेज कितलं देस?"

या अ‍ॅव्हरेजवर मला एकदा नीट बोलायचंय. आमच्या गल्लीत एकानं पावणेदोन लाखांचा बैल घेतला, रोज सकाळी त्याला आंघोळ घालून फिरवतो. त्याला कोणी अ‍ॅव्हरेज विचारत नाही. दुसरा एक जण रविवारी अख्खा दिवस पत्ते खेळतो आणि हरतो. त्याला कोणी विचारत नाही की एवढ्या पैशांत काय आलं असतं. मी माझ्या पैशानं, माझ्या अंगणात, माझ्या पाठीचं दुखणं सांभाळून एक गाडी उभी केली, तर पोस्टमनपासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकाला तिचा हिशेब हवा. विकली तर किती येतील, हाही त्यातलाच प्रश्न. विकायची नाही म्हटलं की लोक आमच्या हिच्याकडं बघतात. बिचारी, असं.

असो. आबा. त्यांनी पत्रिका खिशात घातली, बाह्या सरसावल्या, आणि मला वाटलं आता मागून धक्का देणार. ते दाराशी आले, माझा हात स्टिअरिंगवरून हळूच बाजूला केला आणि आत बसले.

"मना गुडघास्नं ऑपरेशन व्हयेल शे," ते म्हणाले. "तू ढकल, मी स्टेरिंग धरस."

"आबा, चालवता येते का?"

"ट्रॅक्टर चालाडेल शे मी." आणि दार लावून घेतलं.

मागचा ट्रक हॉर्न सोडायला तयार नव्हता. मी मागे गेलो आणि ढकलायला लागलो. गाडी हलली, उताराला लागली, लिंबाचं झाड आलं. "आबा, डावीकडं घ्या." झाड गेलं. "आबा, बाजूला घ्या!" आतून आवाज आला, "जोर लाव भो, जोर!"

मग त्यांना डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा खटका सापडला. या गाडीला लुकलुकणारे दिवे नाहीत. दाराच्या मागच्या खांबातून वीतभर लांबीचा केशरी हात बाहेर येतो, आत जातो. आबांनी डावा काढला. उजवा काढला. पुन्हा डावा काढला. "गाडीले कान शेत!" ते ओरडले. मागचा रिक्षावाला काय समजायचं ते समजेना. तो आधी डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग थांबून त्यानं मला माझ्या वडिलांविषयी काहीतरी विचारलं.

एक मोटारसायकल शेजारी आली. चालवणाऱ्यानं मान वाकवून आत पाहिलं. "आबा! गाडी लिधी का काय?"

आबांनी नाही म्हटलं असतं तर प्रश्न मिटला होता. एक शब्द. त्यांनी खिडकीतून कोपर बाहेर काढलं, मागे माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जुनी शे, पन चांगली शे. डायवर नवा शे."

मोटारसायकलवाल्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. कामाला लागलेल्या माणसाकडं बघून हलवतात तशी.

तिथंच, देवाची करणी, माझा एक जुना विद्यार्थी स्कूटरवरून चालला होता. त्यानं ब्रेक मारला. "सर, तुम्ही?" मी काही बोलायच्या आत त्याचा चेहरा पडला. तो खाली उतरला, माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, पेन्शनचं काही अडलंय का? माझा मेव्हणा ट्रेझरीत आहे." मी म्हणालो, "अरे, गाडी माझी आहे." त्यानं आत स्टिअरिंगवर बसलेल्या आबांकडं पाहिलं, माझ्या शर्टाकडं पाहिलं आणि म्हणाला, "हो सर." वर्गात माझं उत्तर पटलेलं नसताना तो नेमकं असंच 'हो सर' म्हणायचा.

ढकलायला मात्र त्यानं हात लावला नाही.

पुढं उजव्या हाताला लॉन्स आहे. कमानीला फुगे, बाहेर बँड, चार-पाच फेटेवाले पाहुण्यांची वाट बघत उभे. आबांनी उजवा कान बाहेर काढला आणि गाडी थेट कमानीखालून आत घेतली. बँडवाल्यांना वाटलं कोणी मोठं माणूस आलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. फेटेवाले धावले. कोणीतरी आबांच्या गळ्यात हार घातला. पोरांनी मोबाईल काढले. तो फोटो इथला.

मी डिकीला टेकून श्वास घेत होतो. घाम डोळ्यांत उतरत होता आणि वय पासष्टच्या पुढं आहे, हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. गंमत म्हणून सांगतोय, पण त्या क्षणी मला रडू येईल की काय असं झालं होतं. कोणी पाणीही विचारलं नाही. गाडीभोवती तीस माणसं आणि एकाची नजर बंपरच्या तुकड्यावर नाही.

आबा उतरले. टोपी सारखी केली, हार सारखा केला आणि मंडपाकडं निघाले. चार पावलं जाऊन त्यांना माझी आठवण झाली.

"जेवी जा रे भो," ते म्हणाले. "डायवरस्ले बी जेवन शे."

मी जेवलो. मागच्या बाजूला ड्रायव्हर लोकांची वेगळी पंगत होती, तिथं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. बट्टी उत्तम होती, हे कबूल करणं जिवावर येतं. शेजारी बसलेल्या बोलेरोच्या ड्रायव्हरनं विचारलं, "पगार कितला देस आबा?" मी म्हटलं, अजून ठरला नाही. तो म्हणाला, आधी ठरवून घे, नंतर ही माणसं टाळतात. साऱ्या दिवसात मला मनापासून मिळालेला सल्ला तेवढाच.

हात धुतले, बॉनेट उघडलं, पंपाला एक टोला दिला. टकटक सुरू झाली. पहिल्या सेल्फला गाडी लागली. बघायला कोणी नव्हतं.

विषय तिथंच संपायला हवा होता. काल संध्याकाळी आबांचा पुतण्या घरी आला. पत्ता कॉलनीच्या ग्रुपवरूनच मिळाला असणार. त्याच्या भावाचं लग्न आहे, नवरदेवाला मॉरिसमधून आणायचंय, आबांनी शब्द दिलाय. मी त्याला बसवलं, सरबत दिलं आणि २०२१ चे केंद्राचे नियम समजावले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, सरबत संपवलं.

"धंदा कुठं आला, काका? आम्ही पैसे देणारच नाही."

गेटपर्यंत जाऊन तो वळला. "आणि ढकलायला आमची चार पोरं आहेत. तुम्ही नाही आलात तरी चालेल."