सोळाव्या वर्षी कोमात कसं जावं

परवा एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या आईने ऐकवलं, "आजकालच्या मुलींच्या हातात कसली कसली पुस्तकं असतात, बघवत नाही. त्यापेक्षा आपल्या वेळची ‘स्वीट व्हॅली हाय’ द्या त्यांना. किती निरागस होतं सगळं!" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ढिगात पडून असायची ती अमेरिकन शाळकरी मुलींच्या कादंबऱ्यांची मालिका; ती पुस्तकं आता ‘व्हिंटेज’ झाली आहेत, प्लास्टिकच्या पिशवीतून मिळतात आणि भावही तसाच सांगतात.

निरागस! ठीक आहे. मग निरागसतेचा तुटवडा पडायला नको. तुम्हीही एक मालिका काढा. अमेरिकेत 1983 ते 1998 या काळात नुसत्या मुख्य मालिकेचे 143 भाग निघाले, सुट्टी विशेष आणि थ्रिलर विशेष वेगळेच. 1985 सालचा उन्हाळी विशेष तर न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पेपरबॅक यादीत जाऊन बसला. किशोरांसाठीच्या पुस्तकाला तोवर तिथे कोणी उभं केलं नव्हतं. तेव्हा पद्धत पारखलेली आहे, फक्त मन लावून पाळायची.

पहिली गोष्ट, स्वतः लिहू नका. मालिकेच्या जनक फ्रान्सिन पास्कल यांनी पात्रांचं एक ‘बायबल’ बनवलं. कोणाचे डोळे कसे, कोण कोणावर जळतं, घरात फरशी कुठली, सगळं त्यात. मग भागागणिक कथेचा आराखडा द्यायचा आणि लिहायला वेगवेगळी माणसं बसवायची. कव्हरवर केट विल्यम हे एकच नाव, आणि त्या नावाची बाई जगात नाही. महिन्याला एक पुस्तक, दीडशेच्या आसपास पानं. पास्कल राहायच्या न्यूयॉर्कला आणि गाव वसवलं कॅलिफोर्नियात, त्यामुळे गाव बघून येण्याचाही खर्च नाही.

गाव लॉस एंजेलिसच्या जवळ, समुद्राकाठी. वर्षभर ऊन. घर स्प्लिट-लेव्हल, स्वयंपाकघरात स्पॅनिश टाइल्स, मागे पोहण्याचा तलाव. एखादी गरीब वस्तीही ठेवा. मरायला माणसं तिथूनही लागतात.

नायिका दोन, जुळ्या. दोघीत चार मिनिटांचं अंतर. थोरली एलिझाबेथ सालस, शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिणारी. धाकटी जेसिका चीअरलीडर, स्वार्थी, खोटारडी आणि पुस्तकाचा खप जिच्यावर चालतो ती. ओळखायच्या कशा? थोरली मनगटाला घड्याळ बांधते, धाकटी बांधत नाही. सोळाव्या वाढदिवसाला मिळालेली सोन्याची लॉकेटं मात्र दोघींना सारखीच. घड्याळ हाच तुमच्या कथानकाचा कणा समजा. ते काढलं की बहिणीच्या जागी बहीण, आणि तीन प्रकरणं आपोआप भरतात.

आईवडील: एक वकील, एक इंटिरियर डिझायनर, आणि घरात आग लागली तरी दोघंही कामावर.

गाडी लाल फियाट स्पायडर, छत उघडं.

आता महत्त्वाचं. नायिकांचं वर्णन. हे पहिल्याच प्रकरणात, शक्यतो पहिल्या काही पानांतच उरकायचं, आणि प्रत्येक भागात नव्याने उरकायचं, कारण वाचणारी मुलगी लायब्ररीत हाताला येईल तो भाग उचलते. तिने पहिला वाचलेला असेलच असं नाही. आरसा वापरा. आरशाचा कंटाळा आला तर एका बहिणीला दुसरीकडे बघू द्या, जुळ्यांची सोय त्यासाठीच केलेली आहे. मजकूर ठरलेला: उन्हाने सोनेरी झालेले केस, निळे-हिरवे डोळे, डाव्या गालावर खळी, उंची पाच फूट सहा इंच, आणि कपड्यांचा साइझ ‘परफेक्ट सिक्स’. ‘परफेक्ट’ गाळायचं नाही. तो शब्द गाळला तर सहा हा नुसता आकडा राहील. तो आकडा राहू द्यायचा नाही, तो स्वभाव झाला पाहिजे.

कसा, ते चौथ्या भागात शिका. रॉबिन नावाची लठ्ठ मुलगी शाळेतल्या उच्चभ्रू मुलींच्या क्लबात शिरू बघते. जेसिकाचं टोळकं तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावतं. शाळेतला सगळ्यात श्रीमंत मुलगा ब्रूस तिला नाचाच्या कार्यक्रमाला नेऊन सगळ्यांसमोर टाकून देतो. एवढं सोसूनही क्लबात तिला नकारच मिळतो. मग क्लबाची अक्कल ठिकाणावर येते का? नाही. रॉबिन बारीक होते. खाणं तोडते, पळते, हाडं दिसेपर्यंत सडपातळ होऊन येते, आणि अख्ख्या शाळेला एकाएकी शोध लागतो की अरे, ही मुलगी स्वभावाने किती छान आहे. चीअरलीडर होते ती. जेसिकाच्या बरोबरीची कॅप्टन होते. ज्यांनी छळलं त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांचं बरोबरच होतं ना! ती खरोखरच लठ्ठ होती!

हे 1984 सालचं, जाऊ द्या म्हणाल. नाही जाऊ देणार. 2008 साली या पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली. काळाप्रमाणे बदल केले. फियाट काढून जीप आणली. शाळेचं वर्तमानपत्र गेलं, वेबसाइट आली, एलिझाबेथ ब्लॉग लिहायला लागली. संपादकांनी लाल पेन हातात घेऊन पानन् पान तपासलं आणि ‘परफेक्ट सिक्स’वर आले. पंचवीस वर्षांत जगाला थोडं शहाणपण आलं होतं. तो आकडा खोडता आला असता. त्यांनी खोडलाही, आणि तिथे चार लिहिलं. चार! वर समर्थन तयारच असतं, की अमेरिकेत कपड्यांची लेबलं वर्षागणिक सैल होत गेली, त्याच मापाच्या देहाला आता लहान आकडा लागतो. असेल. मग ते शिंप्याला सांगा, चौदा वर्षांच्या मुलीला कशाला? आणि इकडे, दादरच्या टेलरकडे टेपने माप देऊन फ्रॉक शिवून घेणाऱ्या मुलीला साइझ सिक्स म्हणजे छाती किती नि कंबर किती हे कळायला काही मार्गच नव्हता. तिला एवढंच कळायचं की आपण सिक्स नाही. केस सोनेरी नाहीत, डोळे निळे नाहीत, खळी नाही, तेवढ्याचं काही करता येत नव्हतं; जेवण तोडता येत होतं.

असो. आपण सल्ला देत होतो.

अपघात. हा सहाव्या भागात करावा, त्याआधी वाचकाचा जीव जडलेला नसतो. आधी बंदी घाला: नात्यातला एक मुलगा मोटरसायकलवर मेला, म्हणून घरात मोटरसायकलचं नाव काढायचं नाही. मग नायिकेच्या प्रियकराला मोटरसायकल घेऊन द्या. मग धाकटीला फियाट घेऊन पसार करा, म्हणजे थोरलीला घरी जायला दुसरं वाहन उरत नाही. ती एकदाच बसते. त्याच वेळी समोरून दारू प्यायलेला व्हॅनवाला. भाग संपला, एलिझाबेथ कोमात, उरलेलं पुढच्या महिन्यात. यात वैद्यकीय चौकशीच्या नादी लागू नका. तुमच्या गावात कोमातून उठल्यावर फिजिओथेरपी लागत नाही, स्मृती जात नाही, बोलणं अडखळत नाही. फक्त स्वभाव बदलतो. सालस एलिझाबेथ उठते ती थेट जेसिका होऊन, मुलांमागे फिरणारी, गृहपाठ टाळणारी. इलाज काय? डोक्याला दुसरा मार. तो सातव्या भागात, एका बीच हाउसवर बसतो. त्या बीच हाउसकडे आपण परत येणार आहोत.

कुठलंही संकट दोन भागांत मिटलंच पाहिजे, कारण पुढचा लेखक केव्हाच कामाला लागलेला असतो आणि त्याच्या आराखड्यात नायिका धडधाकट आहे. तेराव्या भागात एलिझाबेथला हॉस्पिटलमधल्या एका वॉर्डबॉयने पळवून आपल्या खोपटात खुर्चीला बांधून ठेवलेलं असतं. चौदाव्यापर्यंत ती सुटलेली असते. लगेच तिच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो: गावात नव्याने आलेल्या श्रीमंत मुलाबरोबर, प्रियकराला न सांगता, एकदा जेवायला जावं की न जावं? दोरीचे वळ, दचकून उठणं, हॉस्पिटलच्या पार्किंगची भीती, काही नाही. वळ आराखड्यात नव्हते.

उपकथानक विनोदी ठेवा. जेसिकाला काहीतरी दारोदार विकायला लावलं तरी चालतं.

मृत्यू जपून वापरा. मुख्य पात्राला हात लावायचा नाही. मरणारी व्यक्ती काही भाग आधी आणून ठेवायची आणि तिला अतोनात चांगलं करायचं. जी कोणाबद्दल कधीच वाईट बोलत नाही ती मुलगी वाचणार नाही, हे मुरलेली वाचक तिसऱ्या वाक्यात ओळखते. बाराव्या भागात थोरल्या भावाची प्रेयसी ट्रिशा ल्युकेमियाने जाते. ती गरीब वस्तीतली, बाप दारुडा. तिच्या आजारात केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत, बिल येत नाही. चेहरा फिकट होतो आणि जास्तच सुंदर दिसतो.

अमली पदार्थांचं प्रमाण: एकदा. 1971 साली एका ‘अनामिक’ मुलीची खरी डायरी म्हणून गाजलेल्या पुस्तकात पार्टीतल्या कोलामधून एलएसडी पोटात जातं आणि तिथून घसरगुंडी थेट मरणापर्यंत. त्या डायरीमागे बिआट्रिस स्पार्क्स या प्रौढ बाईंची लेखणी होती हे नंतर उघड झालं. स्वीट व्हॅलीत तर घसरगुंडीचाही वेळ वाचवला आहे. चाळिसाव्या भागात, 1987 साली, रेजिना एका पार्टीत आयुष्यात पहिल्यांदा कोकेन घेते. हृदयात दोष असतो. त्याच रात्री मरते. ती जन्मतः बहिरी, स्वित्झर्लंडला उपचार घेऊन नुकती ऐकू लागलेली. पार्टीला गेली कशाला, तर ब्रूसने तिला फसवून दुसरी गाठली म्हणून.

कॅलेंडर लावू नका. उन्हाळे येतील, नाताळ येतील, पण पोरी अकरावीतच राहतील.

शंभरीच्या आसपास दम लागतो. तेव्हा हाताला लागेल ते आत टाका. 1993 साली प्रॉमच्या, म्हणजे शाळेच्या मोठ्या नाचाच्या पार्टीच्या, रात्री जेसिका बहिणीच्या पेयात दारू मिसळते, त्या नशेत गाडी आपटते, जेसिकाचाच प्रियकर मरतो आणि मनुष्यवधाचा खटला एलिझाबेथवर. हे कमी पडलं तर हुबेहूब तिसरी, मार्गो नावाची, खुनी. शंभराव्या भागात ती मरते. ती परत हवी असेल तर ती मेलीच नव्हती, आणि शिवाय तिचीही एक जुळी बहीण आहे. तरीही पान उरलं तर दोघींना लंडनला पाठवा. तिथे नरवृक, म्हणजे ज्याचा लांडगा होतो तो माणूस. मी गंमत करत नाही, 1994 मध्ये तीन भाग नरवृकावर आहेत.

शेवटच्या पानावर पुढच्या भागाचा प्रश्न छापायचा. विसरू नका, धंदा त्या प्रश्नावर चालतो.

इथवर हसून झालं असेल. मीही हसतच वाचत आलो आहे ही पुस्तकं; कोमा, जुळ्या, नरवृक याला कोणाची हरकत नाही. अतर्क्य असणं हा काही गुन्हा नव्हे. पण ‘निरागस’ म्हणताय ना, तर या गावात कुठल्या गोष्टीची काय शिक्षा होते ते तरी एकदा मांडून बघा. पहिल्या भागात जेसिका घरी येऊन बहिणीला सांगते की टॉडने (हाच पुढे एलिझाबेथचा प्रियकर) तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला. धादांत खोटं, त्याने गालावर पापी घेतलेली असते. शिक्षा? शेवटी तिला कपड्यांसकट तलावात ढकलतात, सगळे हसतात. मुलींच्या तक्रारी म्हणजे थापा, हे वाचकाला पहिल्याच पुस्तकात शिकवून झालं. रॉबिन लठ्ठ होती, तिला भर सभेत शिक्षा. रेजिनाने एकदा चूक केली, तिला मरण.

आणि ब्रूस? सातव्या भागात एलिझाबेथ नुकती कोमातून उठलेली आहे. डोक्याला मार आहे, ती ताळ्यावर नाही हे शाळेतल्या सगळ्यांना दिसतं आहे. ब्रूसलाही दिसतं. म्हणूनच तो तिला बीच हाउसवर नेतो. तिचं डोकं आपटतं, ती शुद्धीवर येते, म्हणून ती सुटते. नशिबाने सुटते. त्याला अक्कल आली म्हणून नाही, कोणी आडवं गेलं म्हणून नाही. ना पोलीस, ना शाळा, ना तो वकील बाप. पुढचे सव्वाशेहून जास्त भाग तो काळी पोर्शे उडवत फिरतो, त्याला नव्या प्रेयसी मिळतात, दुःखी प्रेमिक म्हणून सहानुभूतीही मिळते. 2011 साली पास्कलबाईंच्या नावावर या पोरी मोठ्या झाल्यावरची कादंबरी आली. त्यात एलिझाबेथला शेवटी आयुष्याचा जोडीदार म्हणून कोण मिळतो माहीत आहे? ब्रूस.

तुम्हाला हे आठवत नाही, कारण तुम्हाला फियाट आठवते, लॉकेटं आठवतात, लायब्ररीतून लपवून आणलेलं पुस्तक आठवतं. आठवा खुशाल. पण मुलीच्या हातातलं आजचं पुस्तक हिसकावून तिला हे ‘संस्कार’ म्हणून देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी सातवा भाग आज, या वयात, स्वतः वाचा, आणि मग तिच्या शेजारी बसून ते बीच हाउसचं प्रकरण तिला मोठ्याने वाचून दाखवा.